कॅमेरा नजर वळवत नाही, मग आपण का वळवतो?



मागे एका शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत एक विषय निघाला. डबे उघडलेले होते, ठेच्याची वाटी फिरत होती. तेवढ्यात एक सर म्हणाले, "मॅडम, ती इंग्लंडची मालिका बघितली का? तेरा वर्षांच्या पोराची? आपल्या सातवी-आठवीच्या मुलांना ती दाखवलीच पाहिजे. तिकडे सरकारनेच शाळांना दाखवायला सांगितलंय." दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. एका ताईंनी हळूच विचारलं, "त्यात शिव्या नाहीत ना?" सर म्हणाले, "आहेत, पण इंग्रजीत आहेत." सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

मी काही बोलले नाही. मालिका मी बघितली होती, एकदा नाही, दोनदा. पण माझं मत जरा वेगळं होतं आणि ते दोन घासांच्या मध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून आज लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ही मालिका मुलांना दाखवण्याआधी आपण बघायला हवी, शिक्षकांनी आणि आई-बाबांनी. आणि बघताना नुसती गोष्ट बघू नये, ती कशी दाखवली आहे तेही बघावं. कारण त्या मालिकेत आपल्यासाठी जो धडा आहे, तो संवादांपेक्षा कॅमेऱ्यात जास्त आहे.

मालिका कोणती आणि गोष्ट काय

मालिकेचं नाव 'अ‍ॅडोलसन्स', म्हणजे किशोरवय. 13 मार्च 2025 रोजी ती नेटफ्लिक्सवर आली. फक्त चार भाग आहेत. लेखन जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांचं, दिग्दर्शन फिलिप बॅरंटिनी यांचं आणि छायाचित्रण मॅथ्यू लुईस यांचं. स्टीफन ग्रॅहम यांनीच त्यात वडिलांची भूमिका केली आहे.

गोष्ट उत्तर इंग्लंडमधल्या एका साध्या घरातली. वडील प्लंबर, आई, मोठी बहीण आणि तेरा वर्षांचा जेमी. एका सकाळी पोलीस दार तोडून घरात शिरतात आणि अंथरुणातल्या जेमीला अटक करतात. त्याच्याच शाळेतल्या केटी नावाच्या मुलीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. खून कोणी केला, हे पहिल्या भागाच्या शेवटीच कळतं. त्यामुळे ही रहस्यकथा राहत नाही. पुढचे तीन भाग एकच प्रश्न धरून बसतात: हे झालं कसं, आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांना ते दिसलं कसं नाही?

मालिकेला सप्टेंबर 2025 मध्ये एमी पुरस्कार मिळाले. जेमीचं काम करणारा ओवेन कूपर तेव्हा 15 वर्षांचा होता. अभिनयासाठी एमी मिळवणारा तो सगळ्यात लहान पुरुष कलाकार ठरला. गंमत म्हणजे याआधी त्याने व्यावसायिक अभिनय केलेलाच नव्हता.

आणि त्या सरांसाठी एक दुरुस्ती. तिथल्या सरकारने शाळांवर सक्ती केलेली नाही. नेटफ्लिक्सने ही मालिका ब्रिटनमधल्या माध्यमिक शाळांना मोफत उपलब्ध करून दिली आणि पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी त्याला पाठिंबा दिला. 'सोय केली' आणि 'सक्ती केली' यातला फरक आपल्या शिक्षकांना वेगळा सांगायला नको!

'कट' म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ

आपल्या घरी संध्याकाळी चालणारी कुठलीही मालिका घ्या. सासू काहीतरी बोलते. लगेच सुनेचा चेहरा. मग सासऱ्यांचा. मग दारात उभ्या नणंदेचा. मग परत सुनेचा, यावेळी धाडकन जवळून आणि वर ढोल वाजल्यासारखा आवाज. एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर अशी जी उडी मारली जाते तिला 'कट' म्हणतात. आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते की ती उडी जाणवतही नाही.

कट ही वाईट गोष्ट नाही बरं का. चित्रपटाची भाषाच त्यावर उभी आहे. कटमुळे वेळ वाचतो, एका गावातून दुसऱ्या गावात जाता येतं, दहा वर्षांपूर्वीचं दाखवता येतं. पण कट आणखी एक काम करतो. तो प्रेक्षकाला सुटका देतो. अवघड प्रसंग आला की कॅमेरा खिडकीबाहेर जातो, आभाळ दाखवतो, दुसऱ्या दिवसाची सकाळ दाखवतो. आपण श्वास सोडतो.

'अ‍ॅडोलसन्स'मध्ये ही सुटका नाही. प्रत्येक भाग सुमारे तासाभराचा आहे आणि प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला आहे. कॅमेरा एकदा सुरू झाला की भाग संपेपर्यंत थांबत नाही. मधे कुठेही गुपचूप जोड दिलेला नाही.

लांब शॉटचा प्रयोग तसा जुना आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1948 मध्ये 'रोप' हा चित्रपट जवळजवळ सलग वाटेल असा केला होता. पण तेव्हाच्या फिल्मच्या रिळात सुमारे दहा मिनिटांचंच चित्रण मावायचं. मग कॅमेरा कुणाच्या तरी पाठीजवळ न्यायचा, पडदा काळा झाला की रीळ बदलायचं, अशी युक्ती करावी लागे. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि रिळाची अडचणच संपली. 2002 चा 'रशियन आर्क' हा पूर्ण चित्रपट एकाच शॉटमध्ये आहे. बॅरंटिनी, लुईस आणि ग्रॅहम या तिघांनी 2021 मध्ये 'बॉइलिंग पॉइंट' हा एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातला चित्रपटही असाच एका शॉटमध्ये केला होता. म्हणजे हात आधीच बसलेला होता.

हे केलं कसं?

इथे मला आपल्या नाटकांची आठवण येते. नाटकात रीटेक नसतो. वाक्य विसरलं तरी पुढे जायचं, मिशी सुटली तरी पुढे जायचं. म्हणून तालमी लागतात. या मालिकेतही तसंच केलं. प्रत्येक भागासाठी आधी कलाकारांच्या तालमी झाल्या. मग कॅमेरा, दिवे, आवाज यांच्यासह तांत्रिक तालमी. आणि मग प्रत्यक्ष चित्रण, दिवसाला साधारण दोनदा, पूर्ण भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत. पन्नासाव्या मिनिटाला चूक झाली तर परत पहिल्या मिनिटापासून. आपण बघतो तो पहिला भाग दुसऱ्या प्रयत्नातला आहे, दुसरा भाग तेराव्या, तिसरा अकराव्या आणि चौथा सोळाव्या प्रयत्नातला.

चित्रीकरणाच्या जागाही तशाच निवडल्या होत्या. जेमीचं घर आणि पोलीस ठाण्याचा सेट एकमेकांपासून जवळ ठेवले होते, कारण घरातून पोलीस गाडीत बसून ठाण्यात पोचेपर्यंत कॅमेरा बंद करता येणार नव्हता. कॅमेरा लहान आणि हलका होता. एकाने चालवायचा, मग न थांबवता दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्या भागात एक मुलगा वर्गाच्या खिडकीतून उडी मारून पळतो तर कॅमेराही त्याच्यामागे खिडकीतून बाहेर जातो. याच भागाच्या शेवटी तो कॅमेरा चालू असतानाच ड्रोनला जोडला जातो, गावावरून उडत जातो आणि जिथे केटीचा जीव गेला त्या जागी उतरतो. तिथे जेमीचे वडील फुलं ठेवायला आलेले असतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबतो. हे पहिल्यांदा बघताना आपल्याला ड्रोन वगैरे काही कळत नाही. आपल्याला फक्त एवढंच वाटतं, की कोणीतरी वर गेलं, सगळं गाव बघितलं आणि पुन्हा एका बापाजवळ आलं. मला तर ते तंत्र आहे हे दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा कळलं.

पण त्याने काय साधलं?

नुसतं अवघड आहे म्हणून कौतुक करायचं असेल तर सर्कसही अवघड असते. खरा प्रश्न असा, की या गोष्टीला हेच तंत्र का हवं होतं?

चांगल्या मालिकांत प्रत्येक गोष्टीला तिचं स्वतःचं तंत्र सापडलेलं असतं. 'चेर्नोबिल' या 2019 च्या मालिकेचं संगीत करताना लिथुआनियातल्या एका बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात जाऊन तिथले आवाज मुद्रित केले होते. त्यामुळे ती भीती वाद्यांतून आल्यासारखी वाटतच नाही, भिंतींतून आल्यासारखी वाटते. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये कपड्यांच्या रंगांवरून माणसं कळत जातात. 'अ‍ॅडोलसन्स'ला सापडलेलं तंत्र म्हणजे न तुटणारी नजर. तिने तीन गोष्टी साधल्या, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, आपल्याला मागे जाता येत नाही. सलग शॉटमध्ये भूतकाळ दाखवता येत नाही. लहानपणीचा जेमी, केटी आणि तो, शाळेतला प्रसंग, यातलं काहीच आपण बघत नाही. खून दिसतो तो फक्त पोलिसांनी दाखवलेल्या सीसीटीव्हीच्या चित्रफितीत, तोही लांबून. म्हणजे आपली अवस्था त्या आई-वडिलांसारखीच होते. त्यांच्याकडेही फक्त 'आत्ता' आहे. जे घडून गेलं ते घडताना त्यांनी बघितलेलं नाही, आणि आता ते कुठून आणणार?

दुसरी गोष्ट, निवड करावी लागते. कॅमेरा एकाच्या मागे गेला की दुसरा नजरेआड होतो. शाळेच्या भागात हे फार जाणवतं. कॅमेरा तपास अधिकाऱ्यांबरोबर जिन्यावरून जातो, मग एखाद्या मुलाला धरतो, मग त्याला सोडून दुसऱ्या मुलीमागे जातो. शेकडो मुलं आजूबाजूने वाहत असतात. वर्गावर्गात व्हिडिओ लावून ठेवलेले आहेत, शिक्षक ओरडून ओरडून थकलेले आहेत. पोलिसांना ती शाळा कोंडवाड्यासारखी वाटते. मी शिक्षिका म्हणून तो भाग बघताना अस्वस्थ झाले. राग आला नाही, कारण ते शिक्षक वाईट नव्हते. ते एका वेळी एकीकडेच बघू शकत होते, इतकंच. पटावर तीसच्या वर मुलं असली आणि शेजारचा वर्गही आपल्याच गळ्यात असला की आपलंही तेच होतं ना?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्याला थांबावं लागतं. तिसऱ्या भागात जवळजवळ पूर्ण वेळ एका खोलीत दोनच माणसं आहेत. जेमी आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसतज्ज्ञ ब्रायनी. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, अर्धं सँडविच देते. आधी तो गोड बोलतो, विनोद करतो. मग एकदम भडकतो, तिच्यावर धावून जातो. मग पुन्हा लहान मूल होतो. कॅमेरा हळूहळू दोघांभोवती फिरत राहतो. कट असते तर 'चांगला जेमी' आणि 'भयानक जेमी' अशी दोन वेगळी चित्रं आपल्याला मिळाली असती आणि आपण हवं ते निवडलं असतं. इथे तसं करता येत नाही. तोच चेहरा, तोच श्वास, मधे एकही फट नाही. सँडविच खाणारा आणि बाई घाबरेल असं ओरडणारा मुलगा एकच आहे, हे मान्य करावंच लागतं.

याच भागात जेमीला मधे जांभई येते. ती खरीच आलेली होती, संहितेत नव्हती. एरिन डोहर्टी या अभिनेत्रीने लगेच, तुला माझा कंटाळा येतोय का, अशा अर्थाचा प्रश्न टाकला आणि मुलगा हसला. ते हसू तसंच राहिलं. कट असता तर ती जांभई 'चूक' म्हणून फेकून दिली असती. हे वाचून मी बराच वेळ विचार करत होते. वर्गात एखादं मूल जांभई देतं तेव्हा आपण काय करतो? बहुतेक वेळा कटच करतो!

आता माझी गोष्ट

वर मी लिहिलं की मालिका मी दोनदा बघितली. दुसऱ्यांदा का बघितली ते सांगते. सांगायला सोपं नाही, पण न सांगता हा लेख लिहिणं मला खोटं वाटेल.

माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. एका शनिवारी नाट्यीकरणासाठी मी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली. भोपळा कोण होणार, असं विचारल्यावर मुलांनी एका सुरात एकाच मुलाचं नाव घेतलं. अंगाने जरा जाड, हसरा, सगळ्यांच्यात मिसळणारा मुलगा. मीही म्हटलं, "चल रे, तू हो भोपळा." आम्ही पुठ्ठा रंगवला. त्याने टुणूक टुणूक उड्या मारल्या. वर्ग पोट धरधरून हसला. तोही हसला. मी फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर्णनात्मक नोंदींत लिहिलं, 'नाट्यीकरणात उत्साहाने सहभागी होतो.'

पुढच्या दोन महिन्यांत तो मुलगा अधूनमधून गैरहजर राहू लागला. पोट दुखतं म्हणायचा. दुपारी खिचडी घ्यायचा नाही, घेतली तर शेजारच्याला द्यायचा. मी त्याच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "घरीपण हल्ली कमीच खातो, बाई. वाढीचं वय आहे, होईल नीट." मीही म्हटलं, होईल नीट.

मग एक दिवस वह्या तपासत होते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने सहज सांगितलं, "बाई, त्याला सगळे भोपळा म्हणतात ना, म्हणून तो येत नाही." तिने सांगितलं की अभ्यासाच्या ग्रुपवर त्याने काहीही टाकलं की खाली मुलं भोपळ्याचं चित्र टाकतात. मी घरी जाऊन फोन उघडला. ते चित्र खरंच होतं. रोज होतं. आणि मला ते रोज दिसतही होतं! मला वाटायचं, मुलं नाटकाची आठवण काढतात.

'अ‍ॅडोलसन्स'च्या दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. तपास अधिकाऱ्याचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत शिकतो. तो बापाला बाजूला घेतो आणि सांगतो, की केटीने जेमीच्या इन्स्टाग्रामवर टाकलेली ती छोटी चित्रं मैत्रीची नव्हती. ती टोमणे होती. हृदयाचा रंग बदलला की अर्थ बदलतो, लाल गोळीला वेगळा अर्थ आहे. इंटरनेटवर बायकांचा द्वेष शिकवणाऱ्या पुरुषांच्या टोळक्यातला एक शब्द त्या चित्रांतून जेमीला चिकटवलेला होता. दिवसभर तपास करणारा अधिकारी ते सगळं वाचून बसला होता, पण उलट अर्थाने. मुलगा समजावतो आणि बाप ऐकत राहतो.

माझी आणि जेमीची गोष्ट सारखी नाही. एक भयंकर गुन्ह्याची आहे, दुसरी एका चौथीच्या वर्गातली. पण त्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला ओळखीचं वाटलं. चित्र डोळ्यांसमोर असतं आणि आपण ते आपल्या सोयीने वाचतो.

नंतर मला कळलं, की मी त्या मुलाचे तीन शॉट घेतले होते. एक नाटकाचा, एक फोटोचा, एक नोंदीचा. तिन्ही छान. मधलं सगळं मी कापून टाकलं होतं. सगळे हसायचे थांबले तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, पुठ्ठा काढून जागेवर जाताना कोण काय म्हणालं, यातलं काही मी बघितलंच नाही. फोटो काढून झाला होता, माझं काम संपलं होतं.

मी त्याची माफी मागितली, वर्गाबाहेर, एकट्याला बोलावून. तो म्हणाला, "असू दे, बाई." ते 'असू दे' मला अजून टोचतं.

मग मुलांना दाखवावी का?

आता सरांच्या मुद्द्याकडे येते. "मुलं मोबाइलवर याच्यापेक्षा वाईट बघतात, मग ही मालिका दाखवली तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्यातला पहिला भाग खराच आहे. पण वाईट औषध पोटात गेलंय म्हणून त्यावर चांगलं औषध न मोजता ओतायचं नसतं. प्राथमिकच्या मुलांसाठी ही मालिका नाहीच. आठवीच्या पुढच्या मुलांना दाखवायची असेल तर आधी शिक्षकाने ती पूर्ण बघितलेली हवी, मुलांना प्रश्न विचारायला मोकळीक हवी आणि ऐकून घेणारं मोठं माणूस हवं. नाहीतर हॉलमध्ये दोनशे मुलं बसवायची, पडदा लावायचा, अहवालासाठी फोटो काढायचा आणि संपलं. तो पुन्हा एक कटच.

मालिकेत सगळं बरोबर आहे असंही मी म्हणणार नाही. सतत जेमीच्या बाजूने चालणाऱ्या या नजरेतून केटी निसटते. जी मुलगी गेली ती आपल्याला जवळजवळ भेटतच नाही. मालिकेतली एक पोलीस अधिकारीच हे बोलून दाखवते, की लोक मुलाला लक्षात ठेवतील, केटीला कोणी ठेवणार नाही. शेवटी ड्रोन त्या जागेवर उतरतो, पण तिथेही आपण बघतो तो जेमीचा बाप. मुलींच्या आया हे बघून दुखावल्या तर त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कॅमेरा एकीकडे बघतो तेव्हा दुसरीकडे कोण राहिलं, हा प्रश्न मालिकेलाही विचारला पाहिजे आणि आपल्या वर्गालाही. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त लक्ष कोणाकडे जातं? दंगा करणाऱ्यांकडे. आणि ज्यांना त्या दंग्याचा त्रास होतो त्यांच्याकडे?

आपण काय करू शकतो

मोठमोठे उपाय माझ्याकडे नाहीत. दोन छोटे उपक्रम मी करून बघते आहे, ते सांगते.

एक, मुलांसाठी. चार-चार मुलांचे गट करायचे. शाळेच्या फोनवर प्रत्येक गटाने एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा, पण मधे न थांबवता. विषय साधा, उदाहरणार्थ 'सुट्टीची घंटा' किंवा 'हातपंप'. काढण्याआधी गटाने ठरवायचं: सुरुवात कुठून, कोणाच्या मागे जायचं, शेवट कुठे. नंतर सगळ्यांनी मिळून बघायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: "या व्हिडिओत काय दिसलं नाही?" मुलं फार भारी उत्तरं देतात. एका गटाच्या व्हिडिओत फक्त मुलगेच होते, हे मुलींनीच दाखवून दिलं. यातून त्यांना कळतं, की प्रत्येक चित्राच्या मागे कोणीतरी ठरवणारं असतं. मोबाइलवर दिसणारं सगळं कोणीतरी निवडून, कापून आपल्यासमोर ठेवलेलं असतं. चौथीच्या मुलाला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

दुसरा उपक्रम आपल्यासाठी. रोज एका मुलाकडे पाच मिनिटं सलग बघायचं. तपासायचं नाही, सुधारायचं नाही, फोटो काढायचा नाही. मधल्या सुट्टीत ते कोणाजवळ बसतं, कोण आलं की उठतं, हसू कधी येतं आणि कधी जातं. पालकांनी हेच घरी करावं. मूल फोनवर असताना फोनकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं फार लांब वाटतात. मला तर तिसऱ्याच मिनिटाला हजेरीपत्रक आठवलं.

'अ‍ॅडोलसन्स'च्या शेवटच्या भागात तेरा महिने उलटलेले असतात. वडिलांचा पन्नासावा वाढदिवस असतो. जेमीचे आई-वडील खोलीत बसून स्वतःलाच विचारतात, आपलं कुठे चुकलं? तो तर घरात असायचा, स्वतःच्या खोलीत, दार लावून, कॉम्प्युटरसमोर. त्यांना वाटायचं, घरात आहे म्हणजे सुखरूप आहे. शेवटी वडील एकटे जेमीच्या खोलीत जातात आणि त्याच्या टेडीला अंथरुणात नीट निजवून पांघरूण घालतात. कॅमेरा तिथेच असतो. आपल्यालाही कुठे जाता येत नाही.

तो भोपळा झालेला मुलगा आता पाचवीत आहे. परवा पोषण आहाराच्या रांगेत तो माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि बघत राहिले. त्याने खिचडी घेतली, कट्ट्यावर दोन मित्रांच्या मधे जाऊन बसला आणि सगळी खाल्ली. पूर्ण पाच मिनिटं लागली.

तुमच्याही वर्गात किंवा घरात असं एखादं चित्र असेल जे रोज दिसतं, पण वाचायचं राहून गेलंय. ते सापडलं तर जरूर कळवा.